‘हाँगकाँग ९७’ कायदेशीरपणे पुन्हा विकायचा झाला तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या गेम्सचं पुनर्प्रकाशन हा आता चांगला चालणारा धंदा आहे, आणि त्यात उतरणाऱ्यांपैकी कोणीतरी कधी ना कधी ‘हाँगकाँग ९७’चं नाव काढतंच. घरगुती पद्धतीने बनलेल्या गेम्समध्ये याच्याइतका बदनाम गेम क्वचितच असेल. तो पैसे घेऊन, उघडपणे आणि कायद्यात बसवून विकता येईल का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून हे पान.

हा गेम नेमका काय आहे?

१९९५ साली जपानमध्ये ‘हॅपीसॉफ्ट’ या नावाखाली सुपर फॅमिकॉम या निंतेंदो कंपनीच्या घरगुती गेम-यंत्रासाठी निघालेला एक गोळीबाराचा गेम. कर्ता कोवलून कुरोसावा. निंतेंदोचा परवाना नव्हता, दुकानात तो कधी आला नाही. फ्लॉपीवर भरून टपालाने विकला गेला आणि तो चालवायला कॅसेटची नक्कल करणारं उपकरण लागायचं.

कथानक असं: १९९७ला हाँगकाँग ब्रिटनकडून चीनच्या ताब्यात जातं, चीनच्या मुख्य भूमीवरून लोंढे येतात आणि ख्रिस पॅटन (हाँगकाँगचे शेवटचे ब्रिटिश गव्हर्नर) यांचं सरकार ‘चिन’ नावाच्या मारेकऱ्याला १.२ अब्ज कम्युनिस्टांना संपवायचं काम देतं. तिकडे चीन मेलेल्या ‘तोंग शाऊ पिंग’चं महाअस्त्र बनवत असतो, आणि ते महाअस्त्र पडद्यावर तरंगणाऱ्या प्रचंड डोक्याच्या रूपात येतं. हे नाव ज्यांच्यावरून घेतलं ते चिनी नेते डेंग शियाओपिंग गेम निघाला तेव्हा हयात होते. ते वारले फेब्रुवारी १९९७मध्ये.

एक गोळी लागली की खेळ संपतो. मागे एका चिनी गाण्याचा काही सेकंदांचा तुकडा अखंड वाजत राहतो. हरलात की पडद्यावर खऱ्या मृतदेहाचं चित्र येतं. गेममध्ये एवढंच आहे.

इतका वाईट आणि विखारी गेम पुन्हा विकावाच कशाला?

खेळायला तो वाईटच आहे. एका संपूर्ण देशाच्या माणसांना मारायचं उद्दिष्ट देणारा हा गेम वंशद्वेषी आहे, हेही स्पष्ट म्हणायला हवं. खोडसाळपणा म्हणून तो बनवला गेला, तरी त्याने हे बदलत नाही.

पण हाँगकाँगच्या हस्तांतरणाच्या आधीची भीती, नव्वदीच्या दशकातला नकली मालाचा बाजार आणि एका माणसाने मोठ्या कंपन्यांच्या चौकटीबाहेर गेम काढण्याची धडपड, हे सगळं या छोट्याशा फाइलमध्ये साठलेलं आहे. आज ती फाइल हजारो ठिकाणी फिरते, संदर्भाशिवाय. जबाबदारीने, इतिहासासह आणि हक्कदारांचे पैसे चुकते करून ती कोणी काढत असेल, तर ते काम करण्याजोगं आहे असं मी मानतो. अट एकच, जे वापरणार त्याचा हक्क आधी मिळवायचा.

निंतेंदोचा परवानाच नव्हता, म्हणजे गेम बेकायदेशीर. मग त्याला कॉपीराइट कुठला?

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. परवाना हा कंपनीशी केलेला व्यापारी करार असतो. कॉपीराइट मात्र कृती निर्माण झाल्या क्षणी आपोआप मिळतो, नोंदणीही लागत नाही. जपान, भारत, अमेरिका हे तिन्ही देश बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट कराराचे सदस्य आहेत, त्यामुळे जपानी गेमला भारतातही संरक्षण आहे.

एक बारकावा आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्याचं कलम १०३ म्हणतं, की दुसऱ्याची सामग्री बेकायदेशीरपणे वापरलेल्या भागाला संरक्षण मिळत नाही. म्हणजे कुरोसावांचा हक्क त्यांच्या स्वतःच्या भागापुरता. उसन्या भागावर मूळ मालकाचा हक्क तसाच राहतो. तुम्हाला दोघांकडेही जावं लागणार.

तीस वर्षांत कोणी तो विकलेला नाही. म्हणजे तो ‘अबँडनवेअर’, मालकाने सोडून दिलेला गेम, झाला ना?

नाही. हा शब्द कोणत्याही कायद्यात नाही. जपानमध्ये कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो (डिसेंबर २०१८पूर्वी ही मुदत ५० होती), भारतात ६० वर्षं. इथे लेखक सापडतोही आणि मुलाखतीही देतो, तेव्हा ‘मालक बेपत्ता’ ही सबब चालणार नाही.

मग मालक नक्की कोण? करार कोणाशी करायचा?

पहिलं नाव कुरोसावांचं. पण प्रोग्रामिंगमध्ये एका व्यावसायिक प्रोग्रामरची मदत झाल्याचं त्यांनी सांगितलं आहे, आणि इथे थांबून विचार करावा लागतो. जपानी कायद्यात दोघांचं योगदान वेगळं काढता येत नसेल तर ती संयुक्त कृती ठरते, आणि संयुक्त कृतीचा हक्क वापरायला सगळ्या सहलेखकांची संमती लागते. मदत करणारा त्या वेळी कुठे नोकरीला असेल, तर ते काम नोकरीचा भाग नव्हतं हेही लेखी घेतलेलं बरं. म्हणून करारात कुरोसावांकडून हमी घ्यायची: कोणी काय केलं, कोणाला मोबदला मिळाला, कोणाचा दावा शिल्लक आहे. आणि त्या प्रोग्रामरची स्वतंत्र सही.

पुढची गोष्ट जपानबाहेरचे लोक हमखास विसरतात. तिथल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६१नुसार ‘सर्व हक्क हस्तांतरित’ एवढंच लिहिलं, तर रूपांतर करण्याचा आणि त्या रूपांतराच्या वापराचा हक्क (कलम २७ आणि २८) लेखकाकडेच राहिला असं गृहीत धरलं जातं. ही दोन कलमं आकड्यानिशी नमूद करावी लागतात. तुम्हाला गेममधली चित्रं बदलायची आहेत, नवं संगीत घालायचं आहे, म्हणजे नेमका हाच हक्क हवा आहे.

त्यात लेखकाचे नैतिक हक्क आले. जपानमध्ये ते विकता येत नाहीत, देताही येत नाहीत. कृतीत मनाविरुद्ध फेरफार झाला तर लेखक आक्षेप घेऊ शकतो. म्हणून ‘या-या बदलांवर नैतिक हक्क बजावणार नाही’ असं कलम घालतात, आणि बदलांची यादी जोडतात. यादी जितकी तपशीलवार, तितकं दोघांच्या भल्याचं.

करार भारतातल्या कंपनीच्या नावाने होत असेल तर आपल्या १९५७च्या कायद्याचं कलम १९ वाचून ठेवा. हक्क हस्तांतरित करण्याची मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं मानली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. जगभर विकायचं आहे आणि कागदावर हक्क भारतापुरता आहे, हे प्रकाशनाच्या आदल्या आठवड्यात कळू नये.

कुरोसावांनी सही केली की झालं?

इथेच खरी अडचण सुरू होते. त्यांनी जे बनवलं त्याची परवानगी ते देऊ शकतात. जे उचललं त्याची कशी देणार? या गेममधला बराचसा भाग उचललेला आहे. कोणतंही पुनर्प्रकाशन करण्याआधी गेममधली एकेक वस्तू कागदावर मांडून तिच्यासमोर मालकाचं नाव लिहावं. इथे ती यादी साधारण अशी होते.

नायकाचा चेहरा जॅकी चॅन यांचा आहे, त्यांच्या एका जुन्या चित्रपटाच्या प्रसिद्धीचित्रातून घेतलेला. म्हणजे दोन हक्क: चित्राचा कॉपीराइट चित्रपटाच्या मालकांकडे, आणि चेहऱ्याचा व्यापारी वापर करण्याचा हक्क स्वतः अभिनेत्याकडे. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२च्या ‘पिंक लेडी’ निकालात हा प्रसिद्धीहक्क स्पष्टपणे मान्य केला. प्रसिद्ध माणसाच्या ग्राहक खेचण्याच्या ताकदीसाठीच तुम्ही त्याचं चित्र वापरत असाल तर तो भंग ठरतो. अमेरिकेत राज्याराज्यांचे वेगळे कायदे आहेत. मुख्य भूमीवर ज्यांचा एवढा मोठा बाजार आहे, ते अभिनेते अशा कथानकासाठी चेहरा देतील ही आशा मी बाळगणार नाही.

पार्श्वभूमीला माओकालीन प्रचारचित्रं आहेत, ग्वांगडोंगची छायाचित्रं आहेत, एशिया टेलिव्हिजनचं बोधचिन्ह आहे, कोका-कोलाचं चिनी अक्षरांतलं बोधचिन्ह आहे. एशिया टेलिव्हिजनचं हाँगकाँगमधलं प्रसारण २०१६मध्ये बंद झालं, पण वाहिनी बंद पडली म्हणून तिचा ट्रेडमार्क हवेत विरून जात नाही. कोका-कोलाबद्दल तर बोलायलाच नको. ही सगळी चित्रं काढून नवी रंगवून घ्या. गेमच्या खेळण्यावर त्याचा काहीही परिणाम होत नाही.

गाणं तर जेमतेम काही सेकंदांचं आहे. तेवढ्याला कोण विचारतंय?

‘इतक्या सेकंदांपर्यंत चालतं’ असा नियम कुठल्याही कायद्यात नाही. जर्मनीत क्राफ्टवेर्क या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणातल्या सुमारे दोन सेकंदांच्या तुकड्यावरून सुरू झालेला खटला वीसहून जास्त वर्षं चालला आणि २०१९मध्ये युरोपीय न्यायालयापर्यंत गेला.

‘हाँगकाँग ९७’मधला तुकडा ‘आय लव्ह बीजिंग तिएनआनमेन’ या बालगीताचा आहे. गाणं सांस्कृतिक क्रांतीच्या काळातलं, १९७०च्या आसपासचं. ते रचणारे तेव्हा अगदी कोवळ्या वयाचे होते. चीनमध्ये हक्क मृत्यूनंतर ५० वर्षं असतो, त्यामुळे गाणं सार्वजनिक मालकीचं झालं असं धरून चालणं धोक्याचं. शिवाय शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, आणि लेसरडिस्कवरून उचललेल्या त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा वेगळा. दुसऱ्या कोणाकडून गाऊन घेतलं तर ध्वनिमुद्रणाचा प्रश्न सुटतो, गाण्याचा सुटत नाही.

माझ्या मते इथे नवी धून बनवून घ्यावी. तशीच छोटी, तशीच अखंड फिरणारी, पण कोणाच्याही गाण्याची आठवण न करून देणारी.

आणि ते मृतदेहाचं चित्र?

काढा. यावर मी वाटाघाट करणार नाही.

ते कोण्या माणसाचं शेवटचं चित्र आहे. चित्रण करणाऱ्याचा हक्क, ते ज्या व्हिडिओतून आलं तो बनवणाऱ्याचा हक्क हे कायदेशीर मुद्दे आहेतच. पण ते सगळे सुटले तरी पैसे घेऊन दाखवावं असं ते चित्र नाही. त्या माणसाला घरचे असतील, आणि त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. काळ्या पडद्यावर मजकूर ठेवला तरी खेळणाऱ्याला खेळ संपल्याचं कळतं. तिथे मूळ गेममध्ये काय होतं हे सोबतच्या पुस्तिकेत शब्दांत लिहिता येईल.

हे सगळं ‘फेअर यूज’मध्ये, म्हणजे परवानगीशिवाय चालणाऱ्या रास्त वापरात, बसत नाही का? उपहासच तर आहे.

अमेरिकेत हा बचाव मांडता येतो, पण तो खटला उभा राहिल्यावर मांडायचा असतो. शिवाय तुम्ही नफ्यासाठी विकताय. २०२३च्या अँडी वॉरहॉल फाउंडेशन विरुद्ध गोल्डस्मिथ या निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मूळ कृतीसारख्याच व्यापारी हेतूच्या वापराकडे कडक नजरेने पाहिलं. जपानमध्ये असा सर्वसाधारण अपवादच नाही, अवतरणासारखे ठरावीक अपवाद आहेत. आणि जॅकी चॅन यांचा चेहरा वापरून या गेमने त्यांच्याविषयी काय भाष्य केलं? काहीच नाही.

डेंग आणि पॅटन यांची गोष्ट थोडी वेगळी. सार्वजनिक पदावरच्या लोकांवर टीका करायला लोकशाही देशांत बरीच मोकळीक आहे. तरी डेंग यांचं डोकं हे कोणीतरी काढलेलं छायाचित्र आहे. रेखाटून घ्या.

इतकं काढल्यावर उरलं काय? तो तोच गेम राहतो का?

कोड राहतो, शत्रूंच्या हालचाली राहतात, मोडक्यातोडक्या इंग्रजीतलं कथानक राहतं, जपानी-इंग्रजी-चिनी भाषा निवडायचा पहिला पडदा राहतो. पण ज्यामुळे तो कुप्रसिद्ध झाला त्यातलं बहुतेक जातं. हे ग्राहकापासून लपवू नका. खोक्यावर ‘मूळ गेम’ असं लिहून बदललेला गेम विकणं ही फसवणूक आहे.

मला पटणारा मार्ग असा: गेमला मध्यभागी न ठेवता त्याच्या गोष्टीला ठेवायचं. कर्त्याची नवी सविस्तर मुलाखत, नक्कल-उपकरणांच्या बाजाराची माहिती, हस्तांतरणाच्या वर्षांचा कालपट, वंशद्वेषावर हाँगकाँगच्या आणि मुख्य भूमीच्या लोकांनी लिहिलेले लेख, आणि त्या सगळ्यात खेळता येईल असा सुधारलेला गेम. डिजिटल एक्लिप्स या कंपनीने गेल्या काही वर्षांत जुन्या गेम्सचे असे खेळता येणारे माहितीपट काढले आहेत. ज्या गेममध्ये पाच मिनिटांचाच ऐवज आहे, त्याला हाच बाज शोभतो.

निंतेंदो खटला भरेल का?

सुसंगत गेम बनवणं हा गुन्हा नाही. १९९२च्या सेगा विरुद्ध अ‍ॅकोलेड खटल्यात अमेरिकी अपील न्यायालयाने सुसंगततेसाठी केलेलं उलट-अभियांत्रिकी (तयार वस्तू उलगडून ती कशी चालते ते शोधणं) मान्य केलं. मात्र त्याच वर्षी अटारी गेम्स निंतेंदोविरुद्ध हरली, कारण कुलूप-चिपचा (परवाना नसलेल्या कॅसेटी यंत्रात चालू न देणाऱ्या चिपचा) कोड तिने कॉपीराइट कार्यालयातून खोटं कारण सांगून मिळवला होता. धडा सरळ आहे: निंतेंदोचा कोड, बोधचिन्ह, दर्जाची मोहोर यांतलं काहीही वापरू नका. ‘अमुक यंत्रावर चालतो’ एवढं साध्या अक्षरांत आणि ‘निंतेंदोशी संबंध नाही’ हे शेजारी.

खरी कॅसेट काढायची झाली तर?

नवे बोर्ड आणि नवी कवचं वापरा. स्वस्त जुन्या गेम्सच्या कॅसेटी फोडून त्यातले सुटे भाग घेणारे लोक आहेत, तो इतिहासाचा नाश आहे. सुपर फॅमिकॉम ५ व्होल्टवर चालतो आणि आजच्या बहुतेक फ्लॅश मेमरी ३.३ व्होल्टच्या असतात. मध्ये व्होल्टेज जुळवणारी चिप नसेल तर ग्राहकाच्या यंत्रावर हळूहळू ताण येतो. कुलूप-चिपसाठी हौशी मंडळींनी स्वतंत्रपणे लिहिलेले पर्याय उपलब्ध आहेत, त्यांचा परवाना वाचून घ्या.

संगणकावर विकायचा तर एमुलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करून गेम चालवणारा प्रोग्राम) कोणता चालेल?

परवाना पाहून निवडा. स्नेस९एक्स वैयक्तिक वापराला मोफत आहे, व्यापारी वापराला हक्कदारांची परवानगी लागते. बीस्नेस हा दुसरा एमुलेटर जीपीएल या मुक्त परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आहे. तो विकता येतो, पण तुमच्या बदलांसह सोर्स कोड ग्राहकाला द्यावा लागतो. कन्सोलच्या दुकानांच्या गोपनीयतेच्या अटी आणि जीपीएल यांचं सहसा जमत नाही. गेम इतका लहान आहे की तो नव्याने लिहून काढणंही अवघड नाही, आणि मग हा प्रश्नच उरत नाही.

स्टीमवर, म्हणजे संगणकावरच्या गेम्सच्या ऑनलाइन दुकानात, घेतील का?

नोंदणीचे १०० डॉलर भरून अर्ज करता येतो. विक्री १,००० डॉलरच्या पुढे गेली की ते परत मिळतात. स्टीमचा वाटा साधारण ३० टक्के. हिंसेबद्दलची प्रश्नावली खरी भरा.

धंद्याच्या दृष्टीने मोठा धोका परतफेडीच्या नियमात आहे. १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला गेम ग्राहक परत करू शकतो. ‘हाँगकाँग ९७’ दोन तास कोणीही खेळणार नाही. सोबत वाचण्या-पाहण्यासारखं भरपूर नसेल, तर विक्री होऊनही हाती काही राहणार नाही.

चीन आणि हाँगकाँगमध्ये काय होईल?

मुख्य भूमीवर तो विकला जाणार नाही, हे गृहीत धरा. हाँगकाँगचं आता वेगळं नाही. ३० जून २०२०ला तिथे राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला आणि त्याचं कलम ३८ हाँगकाँगबाहेर, परदेशी माणसाने केलेल्या कृत्यांनाही लागू होतं. जून २०२५मध्ये तिथल्या पोलिसांनी ‘रिव्हर्स्ड फ्रंट: बॉनफायर’ हा तैवानी मोबाइल गेम डाउनलोड करणंही गुन्हा ठरू शकतं असा जाहीर इशारा दिला.

‘डिव्होशन’ या तैवानी गेमचं उदाहरण मी प्रत्येकाला सांगतो. २०१९मध्ये त्यातल्या भिंतीवरच्या एका कागदावर शी जिनपिंग यांची खिल्ली सापडली. निर्मात्यांनी माफी मागितली, तो तुकडा काढला, तरी गेम स्टीमवरून गेला. डिसेंबर २०२०मध्ये जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानाने विक्री जाहीर केली आणि काही तासांत मागे घेतली. शेवटी २०२१मध्ये निर्मात्यांनी तो स्वतःच्या दुकानातून विकायला काढला. तिथे एक तुकडा होता, इथे तर पूर्ण कथानक आहे. त्यामुळे स्वतःचं विक्रीचं दालन पहिल्या दिवसापासून तयार ठेवा. आणि तुमच्या गटात कोणाचे नातेवाईक हाँगकाँगमध्ये असतील, तर नामावलीत नाव घालण्याआधी त्यांना विचारा.

पुण्यातून किंवा नाशिकमधून हे केलं तर कराचं काय?

परदेशी दुकानांतून आलेली कमाई ही सेवांची निर्यात. अटी पूर्ण होत असतील तर जीएसटी शून्य दराने, त्यासाठी एलयूटी हे हमीपत्र भरून ठेवावं. अमेरिकी दुकानाला डब्ल्यू-८ प्रकारचा अर्ज द्यावा लागतो, त्यावर पॅन टाकल्यावर दोन्ही देशांतल्या कराराचा फायदा मिळतो. बाकी सीए सांगतील.

पैसे न घेता वाटला तर हा सगळा त्रास वाचेल ना?

फुकट वाटल्याने परवानगीची गरज संपत नाही. नुकसानभरपाईची रक्कम कदाचित कमी होईल, एवढाच फरक.

असं कोणी नीट करून दाखवलं आहे का?

परवाना नसलेल्या गेम्सपैकी ‘सुपर थ्रीडी नोआज आर्क’ हे चांगलं उदाहरण आहे. विज्डम ट्री या कंपनीने १९९४मध्ये तो सुपर निंतेंदोसाठी (सुपर फॅमिकॉमचं जपानबाहेरचं रूप) काढला. कुलूप-चिप चुकवायला त्या कॅसेटवर दुसरी अधिकृत कॅसेट बसवावी लागायची. पण गेमचं इंजिन त्यांनी आयडी सॉफ्टवेअरकडून रीतसर घेतलं होतं. २०१४मध्ये तो पुन्हा कॅसेटवर आला आणि २०१५मध्ये स्टीमवर. निंतेंदोचा परवाना नसलेला गेम वीस वर्षांनी उजळ माथ्याने विकला गेला, कारण आतली सामग्री पहिल्यापासून स्वच्छ होती.

सुरुवात कुठून करू?

वस्तूंच्या यादीपासून. ती पूर्ण झाल्याशिवाय कर्त्याला पत्र लिहू नका. पत्र जपानीत, एखाद्या जाणत्या अनुवादकाकडून लिहून घेतलेलं. त्यात काय काढणार, काय ठेवणार, किती प्रती, कोणत्या देशांत आणि किती टक्के मानधन, हे पहिल्याच वेळी असू द्या. नकार आला तर विषय तिथे संपवा आणि फाइल बाजूला ठेवा. निधी गोळा करायची मोहीम सही झाल्यानंतरच.

मूळ फ्लॉपी माझ्या हाती लागली तर?

वारंवार लावून पाहू नका, चुंबकीय थर तीस वर्षांचा आहे. ग्रीझवीझलसारख्या उपकरणाने तिची चुंबकीय पातळीवरची प्रत एकदाच घ्या, सोबतचे कागद स्कॅन करा, आणि टोकियोच्या गेम प्रिझर्व्हेशन सोसायटीसारख्या जतनाचं काम करणाऱ्या संस्थेला कळवा. फ्लॉपी तुमच्या मालकीची असू शकते आणि तुम्ही ती विकूही शकता. तिच्यातला गेम छापून विकण्याचा हक्क मात्र तिच्यासोबत येत नाही.